दिवा आहे, उजेड नाही

बेळगावच्या पश्चिमेला असलेल्या आमच्या गावात मागच्या पावसाळ्याआधी रस्त्यावरचे जुने दिवे काढून एलईडीचे नवे दिवे बसवण्यात आले. पंधरा दिवसांतच आमच्या गल्लीतल्या एका वयस्क मावशींनी तक्रार नोंदवली की विहिरीकडे वळणाऱ्या रस्त्यावर रात्री उजेड नसतो. पाहणीसाठी आलेल्या लाईनमनने खांबाकडे बोट करून त्यांना सांगितले, "मावशी, दिवा तर चालू आहे." त्यावर मावशी म्हणाल्या, "दिवा हाय की ओ, पण उजेड पडत न्हाई." लाईनमनने वहीत दिवा चालू असल्याची नोंद केली, मावशींची सही घेतली आणि तक्रार निकालात निघाली. नोंद कन्नडमध्ये होती. तिचा अर्थ मावशींना मी संध्याकाळी सांगितला.

ती नोंद खोटी नव्हती आणि मावशींचे म्हणणेही खोटे नव्हते. लाईनमन दिव्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाबद्दल बोलत होता, तर मावशी रस्त्यावर पोहोचणाऱ्या उजेडाबद्दल बोलत होत्या. या दोन गोष्टींच्या मापांसाठी इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, ल्युमेन आणि लक्स. आपण एक तर हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, किंवा पहिला वापरून दुसरा विसरतो. त्यामुळे सार्वजनिक दिव्यांवरचा खर्च, त्या कामाची तपासणी आणि त्याबद्दलच्या नागरिकांच्या तक्रारी या तिन्हींचा पायाच चुकतो, असे माझे मत आहे. मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या मराठी शाळांत तीस वर्षे विज्ञान शिकवले. हा फरक मीही मुलांना परीक्षेपुरताच सांगितला, याची खंत मला आज आहे, आणि हा लेख लिहिण्यामागे ती खंतही आहे.

दिवा सगळ्या दिशांना मिळून जेवढा प्रकाश बाहेर टाकतो, त्याचे माप ल्युमेनमध्ये होते. तो प्रकाश एखाद्या पृष्ठभागावर किती दाट पडला, हे लक्स सांगतो. एक ल्युमेन प्रकाश एक चौरस मीटर जागेवर सारखा पसरला, की तिथे एक लक्स उजेड झाला. एलईडीचा एक साधा घरगुती दिवा ९०० ल्युमेनचा आहे असे धरू. त्याचा सगळा प्रकाश ९ चौरस मीटरच्या खोलीच्या जमिनीवरच पडला, तर तिथे १०० लक्स उजेड होईल. तोच प्रकाश ९० चौरस मीटरच्या अंगणावर पसरला, तर १० लक्सच उरेल. दिवा तोच, वीज तेवढीच, खोक्यावरचा आकडाही तोच, आणि तरीही एका ठिकाणी तांदूळ निवडता येतात आणि दुसऱ्या ठिकाणी खडे दिसत नाहीत. व्यवहारात तर प्रकाशाचा मोठा वाटा भिंतींवर, झाडांवर आणि आकाशाकडे जातो, म्हणून जमिनीवरचा आकडा या हिशेबापेक्षाही खाली येतो.

त्यात अंतराचा नियम आहे. दिवा जितका दूर, तितका उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. तीन मीटरवरून १०० लक्स देणारा दिवा सहा मीटरवर नेला, की २५ लक्स देतो. खांब उंच केला किंवा दोन खांबांमधले अंतर वाढवले, तर दिवा कितीही चांगला असला तरी मधल्या जागेचे नुकसान होते, आणि हे नुकसान आपल्याला वाटते त्यापेक्षा फार झपाट्याने वाढते. डोळ्याला याचा नीट अंदाज येत नाही, कारण आपला डोळा विलक्षण जुळवून घेणारा आहे. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो आणि पौर्णिमेच्या पिठूर चांदण्यात तो पाव लक्सच्या आसपास असतो, तरी या दोन्ही वेळी आपण चालू शकतो. ज्या अवयवाचा आवाका एवढा मोठा आहे, त्याच्या भरवशावर "पुरेसा आहे" किंवा "पुरेसा नाही" असा वाद घालून काही निष्पन्न होत नाही. तिथे मोजावेच लागते.

या शब्दांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. लक्स आणि ल्युमेन हे दोन्ही शब्द लॅटिन भाषेतले आहेत आणि लॅटिनमध्ये दोघांचाही ढोबळ अर्थ प्रकाश असाच होतो. मध्ययुगातल्या युरोपीय विद्वानांनी त्यांच्यात भेद केला होता. तेजस्वी वस्तूच्या ठायी असलेला प्रकाश म्हणजे लक्स आणि तिच्यापासून निघून भोवती पसरलेला प्रकाश म्हणजे ल्युमेन, असे ते मानत. आजच्या एककांमध्ये लक्स दिव्याकडून निघून जमिनीवर आला आहे. शब्द जवळपास उलटे फिरले, पण प्रकाशाच्या बाबतीत एका शब्दाने भागत नाही ही जाणीव मात्र कित्येक शतके टिकून राहिली.

मराठीत ही जाणीव नाही असे समजणे मोठी चूक ठरेल. प्रकाशाचा वेग असतो, उजेडाचा वेग असतो असे कोणी म्हणत नाही. उलट "उजेडात बस", "उजेडाला धर", "वाचायला उजेड नाही" ही वाक्ये आपण रोज बोलतो आणि त्यांत उजेड ही एक जागा असते, वस्तूवर येऊन टेकलेली गोष्ट असते. प्रकाश निघतो आणि उजेड पडतो. ही सीमा पक्की आखलेली नाही, हे मला मान्य आहे. कित्येक ठिकाणी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सहज येतात. पण भाषेचा कल स्पष्ट आहे. एखाद्याने खूप धडपड करूनही हाती काही लागले नाही, तर आपण विचारतो, "मग काय उजेड पाडला?" हा प्रश्न धडपडीबद्दल नसतो, फळाबद्दल असतो. ज्या भाषेच्या नेहमीच्या बोलण्यातच निघालेला प्रकाश आणि पडलेला उजेड यांच्यात अंतर ठेवले आहे, त्या भाषेतल्या मुलांना ल्युमेन आणि लक्स समजावणे अवघड जायला नको.

'दिव्याखाली अंधार' ही म्हणही मला या संदर्भात नेहमी आठवते. आपण ती माणसांच्या स्वभावाला लावतो, पण तिच्या मुळाशी साधी भूमिती आहे. तेलाच्या दिव्याची ज्योत बुडापेक्षा वर असते, म्हणून बुडाची सावली खाली पडते. दिवा जळतो आहे, त्याचा प्रकाश पूर्ण आहे, आणि तरी एका विशिष्ट जागी उजेड नाही. मावशींच्या तक्रारीत याहून वेगळे काही नव्हते. फरक इतकाच की आजचा अंधार दिव्याच्या खाली नाही, दोन दिव्यांच्या मध्ये आहे.

आपल्याकडे हा गोंधळ वाढण्याला वॅट हा तिसरा शब्द कारणीभूत आहे. चाळीसचा बल्ब, साठचा बल्ब, शंभरचा बल्ब असे म्हणतच आपली पिढी वाढली. वॅट हे दिव्याने खाल्लेल्या विजेचे माप आहे, दिलेल्या प्रकाशाचे नाही. ज्याला आपण झिरोचा बल्ब म्हणत होतो, तोही थोडीफार वीज घेतच होता. तारेच्या बल्बमध्ये साठ वॅटपैकी बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाई आणि सातशे-आठशे ल्युमेन प्रकाश हाती लागे. पण सगळ्यांचे बल्ब एकाच जातीचे असल्यामुळे वॅटवरून प्रकाशाचा अंदाज बांधता येत होता. एलईडी आल्यावर हा अंदाज कोसळला, कारण आता नऊ वॅटमध्ये त्याहून जास्त प्रकाश मिळतो. केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू केली आणि देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. कर्नाटकात ही योजना 'होस बेळकु' या नावाने आली. होस म्हणजे नवा आणि बेळकु म्हणजे उजेड. या योजनेचा लाभ आपल्या भागातल्या घराघरांना झाला आणि विजेचे बिल कमी झाले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. घरातला बल्ब विकत घेताना ल्युमेन पाहणे हेच योग्य आहे, आणि एलईडीवरच्या ताऱ्यांचे मानांकनही दर वॅटमागे किती ल्युमेन मिळतात यावरच ठरते.

रस्त्याच्या बाबतीत मात्र ल्युमेनवर थांबणे चुकीचे आहे. रस्ता दिव्याचे खोके विकत घेत नाही, रस्त्याला उजेड हवा असतो. ही माझी एकट्याची कल्पना नाही. रस्त्यांवरच्या दिव्यांसाठी आयएस १९४४ हे भारतीय मानक आहे आणि ते लक्समध्येच बोलते. वेगवान आणि मोठ्या वर्दळीच्या मुख्य रस्त्यांवर सरासरी ३० लक्स, त्याखालच्या मुख्य रस्त्यांवर १५ लक्स, बऱ्यापैकी रहदारी असलेल्या स्थानिक रस्त्यांवर ८ लक्स आणि कमी रहदारीच्या रस्त्यांवर ४ लक्स उजेड असावा, असे त्यात सांगितले आहे. त्याहून महत्त्वाची अट पुढे आहे. रस्त्यावरचा सर्वांत कमी उजेड आणि सरासरी उजेड यांचे गुणोत्तर मुख्य रस्त्यांवर ०.४ च्या आणि स्थानिक रस्त्यांवर ०.३ च्या खाली जाता कामा नये. म्हणजे उजेड पुरेसा तर हवाच, शिवाय तो सारखा पसरलेलाही हवा.

मावशींची तक्रार निकालात निघाल्यावर मी एका शाळेच्या प्रयोगशाळेतला लक्समीटर मागून आणला. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडून, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सारख्या अंतरावर सात जागा ठरवून, मीटर जमिनीवर ठेवून आकडे घेतले. पहिल्या खांबाखाली ३८, नंतर १७, मग ५, मधोमध १, पुन्हा ४, १५ आणि दुसऱ्या खांबाखाली ३६. यांची सरासरी १६ लक्सच्या वर जाते. मानक अशा रस्त्यासाठी ४ लक्स मागते, म्हणजे सरासरीच्या हिशेबाने आमचा रस्ता चौपट उजळलेला आहे. पण मधला १ आणि ही सरासरी यांचे गुणोत्तर ०.०६ आहे, आणि ते ०.३ असायला हवे होते. विहिरीकडचे वळण नेमके त्या मधल्या पट्ट्यात येते. खांबाखालच्या लख्ख उजेडातून माणूस चार पावले पुढे जातो, तेव्हा त्याचे डोळे उजेडाला सरावलेले असतात आणि समोरचा अंधार त्याला आहे त्यापेक्षा गडद वाटतो. वाढत्या वयात डोळ्याच्या पडद्यापर्यंत प्रकाश कमी पोहोचतो आणि डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला वेळही जास्त लागतो. म्हणून तक्रार मावशींनी केली, गल्लीतल्या तरुणांनी केली नाही.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण लक्सलाही सगळे दिसत नाही. वडगाव, खासबाग आणि शहापूर भागांतल्या विणकरांना हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. एकाच दिव्याखाली, एकाच मागावर पांढरी साडी लावली की तुटलेला धागा चटकन सापडतो आणि काळी साडी लावली की तो शोधताना डोळे दुखतात. दोन्ही वेळी कापडावर पडणारा उजेड सारखाच असतो, पण पांढरे सूत तो परत पाठवते आणि काळे सूत तो गिळून टाकते. वस्तूवरून डोळ्याकडे येणाऱ्या या प्रकाशाचे माप वेगळे आहे आणि त्यासाठी इंग्रजीत ल्युमिनन्स असा स्वतंत्र शब्द आहे. जोरदार पावसात जांबोटीकडून बेळगावला गाडी चालवत आलेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतला आहे. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो, समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि रस्ता स्वतः मात्र काळा होऊन नाहीसा होतो. त्यामुळे लक्सचा आकडा बरोबर आला की काम संपले असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे अजून पहिलीच पायरी चढलेली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप तांत्रिक माणसांकडून येतो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. दिव्याचे ल्युमेन कारखान्यात मोजता येतात आणि खोक्यावर छापता येतात. लक्स मात्र खांबाची उंची, खांबांमधले अंतर, दिव्याचा कोन, मध्ये येणाऱ्या फांद्या, काचेवर साचलेली धूळ अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असतो, म्हणून तो कंत्राटदाराकडून मागणे अन्यायाचे आहे, असे ते म्हणतात. मला वाटते, लक्स मागण्याचे खरे कारण हेच आहे. खांब कुठे उभा करायचा, दिवा किती कलता लावायचा, फांदी कोणी छाटायची आणि काच कधी पुसायची हीच तर दिवाबत्तीची कामे आहेत. ल्युमेन विकत घेऊन खांबावर टांगले की जबाबदारी संपली असे मानायचे असेल, तर ती दिव्यांची खरेदी झाली, दिवाबत्तीची सोय झाली नाही. राहिला खर्चाचा प्रश्न. साधा लक्समीटर काही हजार रुपयांत मिळतो आणि तो वापरायला शिकायला अर्धा तास पुरतो. प्रत्येक पंचायतीला तो स्वतंत्र घ्यायचा नसेल, तर तालुक्याला दोन घेऊन पाळीपाळीने वापरता येतील.

"उजेड कमी आहे ना, मग मोठा दिवा लावा" ही दुसरी प्रतिक्रिया मला अधिक धोकादायक वाटते. आमच्या गल्लीत दुप्पट ल्युमेनचा दिवा लावला, तर खांबाखाली ३८ चे ७६ होतील आणि मधोमध १ चे २ होतील. गुणोत्तर जिथे होते तिथेच राहील, डोळे अधिक दिपतील आणि समोरच्या घरातल्या आजारी माणसाची झोप जाईल. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे आणि तिथल्या बारापेडे गुहांमध्ये जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारी वटवाघळे राहतात. जंगलाला लागून असलेल्या गावांमध्ये आकाशाकडे सांडणारा प्रत्येक ल्युमेन हा पैशांची नासाडी तर आहेच, शिवाय रात्रीवर जगणाऱ्या जीवांवर केलेला आघातही आहे. त्या गावांना कमी प्रकाशात नेमका उजेड हवा, आणि तो आकडा लक्सशिवाय ठरवता येत नाही.

आता भाषेचा प्रश्न. आपल्या भागात दिव्यांच्या कामाचे तांत्रिक तपशील इंग्रजीत असतात, नोटीस आणि नोंदी कन्नडमध्ये असतात आणि तक्रार करणारा मराठीत बोलतो. तिन्ही भाषांमधून जाताना एखादा बारीक फरक हमखास गळून पडतो, आणि मावशींच्या प्रकरणात नेमका तोच गळला. सीमाभागातल्या मराठी माणसाला मराठीत कागदपत्रे मिळाली पाहिजेत, ही मागणी जुनी आहे आणि न्याय्य आहे. मीही आयुष्यभर तिच्या बाजूने उभा राहिलो आहे. परंतु मराठीत कागद मिळाला आणि त्या कागदावरही 'दिवा चालू आहे' एवढेच लिहिले असेल, तर मावशींचे वळण अंधारातच राहील. भाषेच्या हक्काबरोबर त्या भाषेत नेमके बोलण्याची तयारी आपण आपल्या शाळांतून करून घेतली पाहिजे. राज्यघटनेच्या ३५० अ या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. त्या शिक्षणाचा उपयोग मुलाला आपल्या गल्लीतल्या प्रश्नाचे नीट वर्णन करता यावे यासाठी झाला नाही, तर तो हक्क अर्धाच वापरला गेला, असे मला शिक्षक म्हणून वाटते.

त्यासाठी जड प्रतिशब्द घडवण्याची गरज मला दिसत नाही. ल्युमेन आणि लक्स ही एककांची नावे मीटर आणि किलोसारखी आहेत तशीच ठेवावीत. शिकवताना मात्र 'दिव्याचा प्रकाश' आणि 'जागेवरचा उजेड' हे दोन शब्दप्रयोग ठरवून, सातत्याने वेगळे वापरावेत. आठवी-नववीच्या मुलांना एका संध्याकाळी मीटर देऊन आपल्या गल्लीचे सात आकडे वहीत उतरवायला सांगितले, तर जो फरक मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत राहिलो तो त्यांना एका फेरीत कळेल. त्या वहीवर पालकांची सही असेल, तर ग्रामसभेत ती मांडताही येईल.

आम्ही आता नवा अर्ज तयार केला आहे आणि तो पुढच्या ग्रामसभेत पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, हाती द्यायचा आहे. अर्ज मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत आहे. कन्नड मजकूर आमच्या शेजारच्या अक्कांनी लिहून दिला, कारण विहिरीकडे त्याही त्याच वळणावरून जातात. मावशींचे वाक्य कन्नडमध्ये कसे लिहायचे असे मी त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी क्षणभरही न थांबता लिहिले, 'बेळकु बीळुत्तिल्ल'. बीळु म्हणजे पडणे. त्यांच्या भाषेतही उजेड पडतोच. त्या वाक्याखाली आम्ही सात जागांचा तक्ता जोडला आहे, प्रत्येक जागेपुढे लक्सचा आकडा लिहिला आहे, आणि दुरुस्तीनंतरचा आकडा भरण्यासाठी शेजारचा रकाना मोकळा ठेवला आहे.